नाव खरवडलेले खण

घरसजावटीच्या पुरवण्या चाळणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एक लाकडी वस्तू वारंवार दिसली असेल. भिंतीला टेकून उभे असलेले, छातीइतक्या उंचीचे, वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक लहान चौकोनी खणांचे कपाट. प्रत्येक खणाला पितळी मूठ, मुठीवर नावाची चिठ्ठी सरकवण्यासाठी छोटी चौकट, आणि त्या चौकटीत बहुधा काहीच नाही. इंग्रजीत या वस्तूला 'अपॉथकरी कॅबिनेट' म्हणतात. आपल्याकडील विक्रेतेही तेच नाव वापरतात. 'औषधविक्याचे कपाट' म्हटले तर गिऱ्हाईक निम्मी किंमत देईल, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. युरोपातील जुन्या औषधालयांतून आणि चीन, कोरिया, जपान येथील वैद्यांच्या दुकानांतून निघालेली अस्सल कपाटे फार महाग पडतात. त्यामुळे त्यांच्या नकला आंब्याच्या व शिसमच्या लाकडात जोधपूरकडे तयार होतात आणि जुनाट दिसाव्यात म्हणून मुद्दाम घासल्या, खरचटवल्या जातात. या नकलांमधील काहींची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बाहेरून चोवीस खण दिसतात, पण मूठ ओढावी तर सहा-सहा खणांचे मिळून एक दार उघडते आणि आत एक मोठा रिकामा कप्पा निघतो. खणांच्या रेघा नुसत्या वरून कोरलेल्या.

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. लाकूडकाम किंवा सजावट हा आमचा प्रांत नव्हे. कोणी आपल्या दिवाणखान्यात काय मांडावे हे सांगण्याचा अधिकारही आम्हांस नाही. तरीही या कपाटाविषयी लिहावेसे वाटते, कारण आमच्या मते ती मुळात वाचण्याची वस्तू आहे आणि ती न वाचता विकली व विकत घेतली जात आहे. शिवाय याच जातीचे एक कपाट आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत होते, त्याचे काय झाले याचा हिशेब कोणी मागितलेला दिसत नाही. त्याकडे येऊच, आधी मूळ कपाट.

'अपॉथकरी' हा शब्द ग्रीक 'अपोथेके'वरून आला. अर्थ कोठार, जिन्नस बाजूला काढून ठेवण्याची जागा. जर्मनमध्ये औषधांच्या दुकानाला आजही 'आपोटेके' म्हणतात. स्पॅनिशमधील 'बोदेगा' आणि फ्रेंचमधील 'बुटीक' ही त्याच शब्दाची झिजलेली रूपे होत. (आपल्या गल्लीतील बुटीक चालवणाऱ्या बाई व्युत्पत्तीच्या नात्याने कोठावळे घराण्यातल्या ठरतात, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.) तेव्हा औषधे कुटणारा, काढे करणारा या माणसाला युरोपीय भाषांनी नाव दिले ते साठवणारा म्हणून. त्याची विद्या त्याच्या कपाटावरून ओळखली गेली, आणि ते रास्तच होते. शेकडो मुळ्या, साली, बिया, खनिजे. वाळल्यावर त्यांतील निम्म्या एकमेकींसारख्या दिसतात. कोणती कोठे आहे हे न चुकता सांगता येणे हीच अर्धी वैद्यकी.

युरोपातील त्या खणांवर लॅटिनमध्ये नावे असत आणि ती विशिष्ट रीतीने लिहिलेली असत. आधी वनस्पतीच्या अवयवाचा संक्षेप, मग वनस्पतीचे नाव. 'राड.' म्हणजे मूळ, 'फोल.' म्हणजे पाने, 'कॉर्ट.' म्हणजे साल, 'सेम.' म्हणजे बी. एका खणावर रेवाचिनीचे मूळ, दुसऱ्यावर सोनामुखीची पाने, तिसऱ्यावर दालचिनीची साल. वनस्पतीचे नाव षष्ठीत चालवलेले असे, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक सोडवलेला षष्ठी तत्पुरुष समास. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना असे एखादे कपाट दाखवावे असे वाटते; विभक्ती चुकली तर काय होते ते त्यांना तेथे कळेल. अवयवाला प्राधान्य देण्यामागे कारण होते. एकाच झाडाची साल उपयोगी आणि बी घातक, असे होऊ शकते. म्हणून हात खणाकडे जाण्याआधी डोळ्यांनी 'काय' हे वाचायचे आणि मग 'कशाचे' ते.

चीनमधील औषधी कपाट याहून गुंतागुंतीचे आणि आमच्या दृष्टीने अधिक वाचनीय आहे. त्याच्या एका प्रचलित नावाचा शब्दशः अर्थ 'शंभर लेकरांचे कपाट' असा होतो. त्यातील प्रत्येक खण आतून बहुधा दोन किंवा तीन कप्प्यांत विभागलेला असतो आणि त्या दोन-तीन द्रव्यांची नावे खणाच्या दर्शनी बाजूस लिहिलेली असतात. कोणते द्रव्य कोठे ठेवायचे याचा एक आराखडा असतो, त्याला तिकडे स्वतंत्र संज्ञा आहे, आणि दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराला तो पाठ करावा लागे. हा आराखडा वर्णानुक्रमाने चालत नाही. नित्य लागणारी द्रव्ये हाताच्या उंचीवर. फुले, पाने अशी हलकी द्रव्ये वरच्या ओळींत, तर शिंपले, चुंबकपाषाण अशी जड द्रव्ये खाली. वरचा जड खण ओढताना तोल जाऊ नये, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. जाळून कोळसा केलेली द्रव्ये तळाशी, कारण त्यांची काजळी खालच्या खणात झिरपते आणि तळाच्या खाली खण नसतो. एकाच काढ्यात नेहमी जोडीने पडणारी द्रव्ये शेजारी-शेजारी. दालचिनीच्या डहाळ्या आणि 'मा-हुआंग' हे असे एक जोडपे. उलट ज्यांचे एकमेकांशी जमत नाही असे परंपरेने मानले, ती द्रव्ये दूर. चिनी वैद्यकात अठरा वैरांची एक यादी आहे. तिच्यात ज्येष्ठमधाचा चिनी भाऊबंद आणि एक समुद्रशेवाळ यांचे वैर सांगितलेले आहे. म्हणून ते दोन खण शेजारी येत नाहीत. दिसायला सारखी पण गुणाने भिन्न अशी द्रव्येही लांब ठेवायची, म्हणजे घाईत हात चुकणार नाही. जहाल विषांना वेगळे, कुलपाचे घर.

आता हे सारे लक्षात घेऊन त्या कपाटासमोर उभे राहावे. कोणते द्रव्य कोणाच्या शेजारी आहे, कोणते कोणापासून लांब आहे, हाताशी काय आणि तळाशी काय, यावरून त्या गावात कोणते आजार अधिक असतील, वैद्याचा भर कोणत्या योगांवर होता, याचा अंदाज बांधता येतो. खणाच्या कडा कोठे अधिक झिजल्या आहेत हेदेखील वाचता येते. शब्द, त्यांचा क्रम, शेजार, विरोध आणि वापराच्या खुणा: साहित्याचे विद्यार्थी ज्याला संहिता म्हणतात तिच्यात याहून निराळे काय असते? आम्ही हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. आपल्या भाषेनेच ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. भांडी ठेवण्याची ती 'मांडणी' आणि विचारांची तीही 'मांडणी'. द्रव्याचे भांडार तो 'कोश' आणि शब्दांचे भांडार तोही 'कोश'. प्राच्यविद्येच्या थोर अभ्यासकाचे आडनाव 'भांडारकर' असावे आणि १९१७ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेत हस्तलिखितांचे भांडार उभे राहावे हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण योगायोग आहे.

चिठ्ठ्या काढून टाकलेले, नावे खरवडून वर नवे पॉलिश चढवलेले कपाट म्हणून आम्हांला कोऱ्या केलेल्या पोथीसारखे वाटते. पुठ्ठे सुरेख, दोरा रेशमी, आतील पानांवरची शाई धुऊन टाकलेली. विक्रेता याला 'रिस्टोअर केलेले' म्हणतो.

यावर कोणी म्हणेल की चिनी आणि लॅटिन नावांशी आपले काय देणेघेणे? प्रश्न योग्य आहे. आपल्याकडील वैद्यांकडे आणि काष्ठौषधींच्या दुकानांत अशी कपाटे सर्रास होती असा दावा आम्ही करणार नाही. आपल्याकडे बरण्या होत्या, डबे होते, पोती होती, कागदी पुड्या होत्या आणि घरोघरी आजीबाईचा बटवा होता. फडताळात बाळघुटीचा डबा असे; त्यात वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, अतिविष, नागरमोथा, काकडशिंगी असे जिन्नस असत आणि त्यांवर कोठलीही चिठ्ठी नसे. चिठ्ठी आईच्या किंवा आजीच्या बोटांत असे. सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे हा त्या डब्याचा मजकूर, आणि तो तोंडी होता. मुरडशेंगेला तर नावाच्या चिठ्ठीची गरजच नव्हती. पिळलेल्या शेंगेचा आकार हेच तिचे नाव आणि पोटातील मुरडा हाच तिचा उपयोग. तो डबा आज प्लॅस्टिकच्या पाकिटात, आयत्या पुडीच्या रूपात मिळतो, आणि घरातील तरुण पिढीला काकडशिंगी कशाला म्हणतात हे ओळखता येत नाही. चिठ्ठी नसलेल्या मांडणीचे हे असे होते. ती जिच्या बोटांत असते तिच्याबरोबर जाते.

आणि त्या परदेशी खणांशी आपले देणेघेणे अगदीच नाही असेही नाही. त्यांतील पुष्कळ माल आपल्या किनाऱ्यावरून गेला, आणि त्याबरोबर नावांचा प्रश्नही गेला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील चर्चेचा मोठा भाग हा की हे द्रव्य अरबीत काय म्हणून ओळखले जाते, गुजरातेत काय, दख्खनेत काय, आणि जुन्या ग्रीक ग्रंथांत सांगितले आहे ते हेच की दुसरे. पुढे १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघालेल्या 'होर्तुस मलबारिकुस'मध्ये केरळातील वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी भाषक पंडितांचा हातभार होता आणि त्यांचे निवेदन त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपातील खणावर लॅटिन चिठ्ठी चिकटण्याआधी तिच्या मागे अशी बरीच भाषांतरे झालेली होती. तेव्हा ती चिठ्ठी परकी म्हणून टाकून देण्यासारखी नाही.

या संदर्भात एका द्रव्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ते म्हणजे हरताळ. गंधक आणि सोमल यांच्या संयोगाने बनलेले हे पिवळे खनिज वैद्याच्या संग्रहात असे, तसेच ते लेखकूच्या दौतीशेजारीही असे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वर नवे अक्षर काढायचे. एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथून आला. एकाच खणातून औषध, विष आणि खोडरबर निघावे, आणि त्या खणाचा शब्द आजही वर्तमानपत्री मथळ्यांत नियमांना, आश्वासनांना फासला जावा, हे भाषेच्या अभ्यासकाला मोहवणारे आहे. (जाता जाता एक व्यवहारी सूचना: अस्सल जुन्या औषधी कपाटाच्या लाकडात सोमल, पारा अशांचे अंश मुरलेले असू शकतात. त्यात मुलांचा खाऊ किंवा स्वयंपाकाचे मसाले ठेवू नयेत. सजावटीच्या पुरवण्या हे सांगत नाहीत.)

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की सजावटीच्या बाजाराने ही कपाटे निदान वाचवली. नाहीतर त्यांचे सरपण झाले असते. हे खरे आहे. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर जी जुनी पेटारे-कपाटे उभी असतात, ती तेथे पोहोचली नसती तर बंबात गेली असती. लाकूड वाचवल्याबद्दल त्या व्यापाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. या कपाटांमागे ज्ञान होते तसा ज्ञानाचा मक्ताही होता. लॅटिन संक्षेप गिऱ्हाइकाला कळू नयेत ही काहींची सोयच होती. वैद्याच्या नुसख्यांची गोष्ट आपल्याकडेही वेगळी नव्हती. बाप मुलाला सांगे, आणि पुष्कळदा तोही मरताना. तेव्हा त्या मांडणीचे गोडवे गाणे म्हणजे एका बंदिस्त व्यवस्थेसाठी गळा काढणे नव्हे काय? आमचे उत्तर एवढेच की आम्हांला ती व्यवस्था परत नको आहे. ज्या समाजाला दवाखान्यातील गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचता येते, त्याला वैद्याच्या मर्जीवर सोडावे असे कोण म्हणेल? परंतु मक्ता मोडण्याचा मार्ग चिठ्ठी वाचण्यातून जातो. ती खरवडून टाकल्याने मक्तेदाराचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपले, कारण तो मक्ता कशाचा होता हेही मग कळेनासे होते.

आता आमच्या अंगणाकडे.

जुन्या छापखान्यांतील खिळ्यांच्या केसेस आज कुतूहलाच्या वस्तू म्हणून भिंतींवर टांगल्या जातात आणि त्यांच्या इवल्या घरांत शंखशिंपले मांडले जातात. इंग्रजीतील 'अप्पर केस' आणि 'लोअर केस' हे शब्द याच लाकडी खोक्यांवरून आले, कारण मोठी अक्षरे वरच्या खोक्यात असत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत देवनागरीसाठी लागणाऱ्या घरांची संख्या रोमनच्या कितीतरी पट होती. काने, मात्रा, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे यांना वेगवेगळी घरे लागत. जुळाऱ्याचा हात न पाहता त्या घराकडे जाई. मराठीच्या जोडाक्षरांवर याहून चांगला पाठ कोठे मिळाला असता? पण ती संधी बहुतेक गेलीच. आम्ही ग्रंथालयाकडे वळतो, कारण तेथे अजून थोडे काही हाताशी आहे.

तालिकापत्रांचे कपाट हे औषधी कपाटाचे सख्खे भावंड. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये चर्चची आणि परागंदा सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली, तेव्हा १७९१ मध्ये त्यांच्या याद्या करण्याच्या सूचना निघाल्या आणि त्यासाठी खेळायचे पत्ते वापरण्यात आले. पत्त्यांची पाठ त्या काळी कोरी असे. एका पुस्तकाला एक पान, ही कल्पना तेथून रुजली. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि ग्रंथालयांची आधुनिक घडी बसवली. पुढे प्रत्येक महाविद्यालयात ते सागवानी किंवा पोलादी कपाट आले: लांबट खण, समोर पितळी चौकटीत 'अ ते आपटे' अशी चिठ्ठी, आत गजात ओवलेली पत्रे, आणि कोपऱ्यात वर्गांक. मराठी साहित्य ड्यूईच्या दशांश पद्धतीत ८९१.४६ या आकड्याखाली येते, हे आमच्यापैकी अनेकांना वर्गात कळण्याआधी त्या खणात कळले.

आणि आणखी एक गोष्ट तेथे कळली. त्या खणांत 'पाहा' पत्रे असत. 'केशवसुत: पाहा दामले, कृष्णाजी केशव.' 'बी: पाहा गुप्ते, नारायण मुरलीधर.' 'विभावरी शिरूरकर: पाहा बेडेकर, मालती.' 'ग्रेस: पाहा गोडघाटे, माणिक.' मराठी वाङ्मयाचा इतिहास टोपणनावांनी इतका भरलेला आहे की 'पाहा' पत्रांवाचून तो उलगडलाच नसता. शिरूरकरांच्या पत्रावरून बेडेकरांच्या पत्राकडे जाताना खण बदलावा लागे. चार पावले चालावी लागत. त्या चार पावलांत एका बाईला स्वतःच्या नावाने का लिहिता आले नाही, हा प्रश्न मनात येण्याइतका वेळ मिळे. संगणकावर दोन्ही नावे एकाच ओळीत येतात. ती सोय मोठी आहे. तिच्याबद्दल तक्रार करणारा माणूस लबाड म्हणावा लागेल, कारण तोही रात्री अकरा वाजता घरबसल्या पुस्तक शोधतोच. आमचा मुद्दा वेगळा आहे.

त्या पत्रांवर छापील किंवा टंकलिखित मजकुराखेरीज हाताने लिहिलेला मजकूर असे. 'दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना वगळली.' 'पृष्ठे ४१ ते ४८ नाहीत.' 'याच विषयावर अमुक मासिकाचा अंक पाहावा.' तीस-तीस वर्षे एका जागी बसलेल्या ग्रंथपालांनी आणि अधूनमधून एखाद्या व्यासंगी प्राध्यापकांनी केलेल्या या नोंदी संगणकात गेल्या नाहीत, कारण त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. अमेरिकी लेखक निकोल्सन बेकर याने १९९४ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये 'डिस्कार्ड्स' हा दीर्घ लेख लिहून हीच तक्रार तिकडे मांडली होती, तेव्हा त्याला हळवा म्हटले गेले. पुढे ग्रंथालयांना छापील तालिकापत्रे पुरवणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकी संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची पत्रे छापली आणि तो अध्याय तिकडे रीतसर मिटला. आपल्याकडे तो रीतसर मिटलाही नाही. पाहणी समिती येणार, जागा रिकामी दिसली पाहिजे, म्हणून कपाटे जिन्याखाली गेली आणि तेथून भंगारात.

आमच्या माहितीतील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी असे झाले. साठ खणांचे सागवानी कपाट लिलावात निघाले. खरेदीदाराला कपाट हवे होते, पत्रे नकोत. तेव्हा ती पोत्यांत भरून वजनावर रद्दीत गेली. मराठी विभागाला कळले तेव्हा गज काढून झाले होते. ते कपाट आता एका उपाहारगृहात आहे, खणांत चहाच्या पुड्या आणि साखरेची पाकिटे ठेवतात आणि येणारी मंडळी त्यासमोर छायाचित्रे काढतात. आम्हांला त्या मंडळींचा राग नाही. त्यांना वस्तू आवडली, आणि वस्तू खरोखर सुंदर आहे. राग आहे तो ज्यांच्यापाशी तिचा मजकूर होता आणि ज्यांना तो मजकूर आहे हे ठाऊक होते, त्यांच्या अनास्थेचा. आणि त्यांत आमची, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांची, सबंध जमात येते.

हे अटळ होते असे मानायचे कारण नाही. लंडनमध्ये नव्या इंग्रजी कोशाचे काम सुरू झाले तेव्हा पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी चिठ्ठ्यांसाठी ५४ घरांची मांडणी करून घेतली होती. ते अकाली वारले, चिठ्ठ्या पांगल्या. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी काम हाती घेतले, तेव्हा त्या पोत्यांत कोंबलेल्या आल्या. मरे यांनी मिल हिल येथे पत्र्याची शेड बांधून तीत १,०२९ घरे बसवली आणि मगच कोशाला हात घातला. कोश हा आधी एक सुतारकामाचा प्रश्न असतो, हे त्यांना कळले होते. दूर कशाला, पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या, आणि त्या खणाखणांतून क्रमाने लावून जपलेल्या आहेत. त्यांत वैद्यकग्रंथांतील शब्दही आहेत. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला; काम अजून चालू आहे, चिठ्ठ्यांची अंकीय छायाचित्रे घेण्याचे कामही झाले आहे, आणि म्हणून चिठ्ठ्या रद्दीत घालाव्यात असे तेथे कोणी म्हटलेले नाही.

वस्तू जपताना तिचे नाव-गाव जपणाऱ्याचेही उदाहरण 'पाहा' पत्रांतच सापडते. 'अज्ञातवासी: पाहा केळकर, दिनकर गंगाधर.' या कवीने साधारण १९२० पासून गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कुलपे अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि पुण्यात आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. ते काम एका कवीने केले याचे आम्हांला नवल वाटत नाही.

तेव्हा ज्यांना औषधी कपाट घ्यायचे आहे त्यांनी खुशाल घ्यावे. फक्त विक्रेत्याला विचारावे की चिठ्ठ्या कोठे आहेत. खरवडण्याआधीची छायाचित्रे आहेत का. कपाट कोणत्या गावचे. दहांपैकी नऊ विक्रेत्यांना उत्तर देता येणार नाही, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्या कपाटावरच्या चिठ्ठ्या शिल्लक राहतील, कारण त्यांची किंमत येते हे त्यांना कळेल. बाजाराला हीच भाषा समजते. आणि नावे राहिली असतील तर त्यांवर रंग देऊ नये. चिनी अक्षरे आपल्याला वाचता येत नसली तरी वाचणारा कोणीतरी पाहुणा येईल.

ग्रंथालयांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागणार नाही. ज्या महाविद्यालयांत तालिकापत्रे अजून जिन्याखाली का होईना पण आहेत, तेथील मराठी विभागांनी ती लेखी मागणी करून ताब्यात घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. सगळी पत्रे जपणे शक्य नसेल तर हस्तलिखित नोंदी असलेली आणि सगळी 'पाहा' पत्रे वेगळी काढावीत. साध्या भ्रमणध्वनीवर त्यांची छायाचित्रे घेता येतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प द्यावाच लागतो आणि तो बहुधा पूर्वीच्याच प्रकल्पांवरून उतरवला जातो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एक खण द्यावा. आमच्या विभागात येत्या सत्रापासून चार विद्यार्थी हे करणार आहेत. पहिला खण 'अ ते आपटे' हाच आहे. वरवर पाहता त्यात अज्ञातवासी, अत्रे, अनंत फंदी, अनिल आणि आगरकर सापडले, आणि 'अनिल'च्या 'पाहा' पत्रावर देशपांडे, आत्माराम रावजी या नावाखाली निळ्या शाईत तीन ओळी आहेत. अक्षर लागत नाही अजून. पण गज सैल करून पत्र बाहेर काढले आहे.